आठ अक्षरांत नाना

त्या दिवशी मी फक्त एवढंच ठरवलं होतं, की आता घरात ओरडायचं नाही.

नाना, म्हणजे माझे सासरे, दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे राहायला आले तेव्हा त्यांना थोडं कमी ऐकू येत होतं. पुढे त्यातलं 'थोडं' गळून पडलं. कानात घालायचं यंत्र त्यांनी चार दिवस वापरलं आणि पाचव्या दिवशी काढून डबीत ठेवलं. "त्यातून तुमचं सगळं बोलणं ऐकू येतं," एवढंच कारण त्यांनी दिलं. तेव्हापासून "नाना, चहा" हे दोन शब्द मी अशा पट्टीत म्हणायला लागलो, की समोरच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी दोनदा खिडकीतून "नको, आत्ताच झाला" असं कळवलं.

मी एका कचेरीत आवक-जावक कारकून आहे. दिवसभर लोकांचे कागद या खिडकीतून घ्यायचे आणि त्या खिडकीतून सोडायचे, यात घशाला काही काम नसतं. घरी मात्र घसा बसायचा. अशात एका जुन्या मासिकात माझ्या वाचनात आलं, की घरच्या संगणकाला प्रिंटरच्या जागी एक छोटा अक्षरांचा डिस्प्ले जोडता येतो, लिफ्टमध्ये किंवा वजनाच्या यंत्रावर असतो तसा. संगणकावर टाइप करायचं, डिस्प्लेवर दिसतं. वर लिहिलं होतं, 'एका संध्याकाळचं काम'. (ती संध्याकाळ अकरा दिवस चालली.)

"नानांच्या खुर्चीसमोर भिंतीवर लावू," मी बायकोला म्हणालो. "मी आत टाइप करीन, ते बाहेर वाचतील. ओरडणं बंद."

बायको ग्रंथालयात काम करते. तिथे कुजबुजसुद्धा चालत नाही, त्यामुळे घरच्या आरड्याओरड्याचा तिला माझ्यापेक्षा जास्त त्रास.

"कागदावर लिहून दाखवलं तर नाही का चालणार?" तिनं विचारलं.

"कागदाला प्रकाश नसतो," मी म्हणालो. यावर ती काही बोलली नाही. लग्नाला चौदा वर्षं झाली की माणसं बरंच काही बोलत नाहीत.

सुट्या भागांच्या दुकानात गेलो. दुकानदार मान खाली घालून काहीतरी जोडत होता.

"अक्षरांचा डिस्प्ले आहे का?"

"सोळा बाय दोन?"

"नाही हो, एकच पुरे."

"एका ओळीत सोळा अक्षरं, दोन ओळी."

"हां हां, तोच."

"मागचा दिवा हवा?"

"मागचा नको, पुढचा द्या."

"बसवणार कोण?"

"मीच."

तेव्हा त्यानं पहिल्यांदा मान वर केली, चष्म्यावरून मला नीट पाहून घेतलं आणि न विचारता पुडीत दुसरा डिस्प्ले टाकला.

माणूस अनुभवी होता. पहिला डिस्प्ले साडेचार सेकंद जगला. त्याला सोळा पाय असतात आणि त्यातल्या दोघांना वीज लागते, एकाला अधिक आणि एकाला उणे. मी दोघांची अदलाबदल केली. डिस्प्लेनं एक बारीकसा वास सोडला आणि विषय संपवला. दुसऱ्या वेळी मी प्रत्येक पायाला रंगीत वायर लावून कागदावर यादी केली. पहिले तीन दिवस डिस्प्ले कोराच राहिला.

"काही दिसत नाहीये," बायको म्हणाली.

"अक्षरं आहेत, पण दिसत नाहीत."

"मग आहेत हे कशावरून?"

चौथ्या दिवशी कळलं, की बाजूला एक चिमुकला स्क्रू असतो, तो फिरवला की अक्षरं गडद होतात. तो फिरवल्यावर वरच्या ओळीत एका रांगेत सोळा काळे चौकोन उमटले. म्हणजे डिस्प्लेला वीज पोचतेय पण निरोप पोचत नाहीये, असं मासिक म्हणत होतं. मी वैतागलो. नाना मात्र खुर्ची पुढे ओढून बसले.

"छान आहे," ते म्हणाले. "गाडीच्या खिडक्या. सुटणार कधी?"

"सुटत नाही ती, नाना," मी ओरडलो. (अजून ओरडतच होतो, हे लक्षात घ्यावं.)

"सुटेल, सुटेल. सिग्नल मिळाला नसेल."

पुढचे दोन दिवस नाना त्या सोळा चौकोनांकडे आनंदानं बघत होते आणि अधूनमधून आत येऊन मला सांगत होते, "अजून फलाटावरच आहे."

सातव्या दिवशी निरोप पोचला. डिस्प्लेला आपली लिपी येत नाही, म्हणून मी इंग्रजी अक्षरांत NANA CHAHA असं टाइप केलं आणि पळत बाहेर आलो. भिंतीवर लिहिलं होतं: NANA CDADA.

नाना उठून उभे राहिले होते. चेहरा गंभीर.

"दादांना कुठून आणलंस?" त्यांनी विचारलं.

दादा म्हणजे नानांचे थोरले भाऊ. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती.

मी पुन्हा टाइप केलं. पुन्हा दादाच आले. नाना दाराकडे बघायला लागले, मग हळूच खुर्चीवरचा आपला पंचा उचलून त्यांनी खुर्ची मोकळी करून ठेवली. शेवटी बायकोनं माझी यादी आणि वायरी शेजारी शेजारी धरून बोट ठेवलं, "इथे पिवळी आणि नारिंगी उलट लावलीय तुम्ही." ती ग्रंथालयात पुस्तकं क्रमानं लावते, हे मी विसरलो होतो. एक वायर इकडची तिकडे झाली की H चा D होतो, चहाचा दादा होतो आणि म्हाताऱ्या माणसाचा जीव टांगणीला लागतो, एवढं ज्ञान मला त्या संध्याकाळी झालं.

वायरी सुधारल्या. चहा चहासारखा दिसू लागला. पण नाना खूश नव्हते.

"चहासुद्धा इंग्रजीत पाजणार का मला?" ते म्हणाले. "मला तो फलाट बरा वाटत होता."

इथेच थांबलो असतो तर पुढचं काही घडलं नसतं. पण मासिकाच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं, की या डिस्प्लेला आपण स्वतः ठिपके ठिपके जोडून नवी अक्षरं शिकवू शकतो. फक्त एका वेळी आठ. नवव्याला जागा नाही. आठच कप्पे.

आठ अक्षरांत सबंध घर चालवायचं होतं. त्यासाठी जेवणाच्या टेबलावर बैठक झाली. अध्यक्ष अर्थातच बायको.

"ना," मी म्हणालो. "एकाच अक्षरात नाना होतात. दोनदा वापरलं की झालं."

"च आणि हा," बायको म्हणाली. "चहा झाला. आणि या. जेवायला या, इकडे या, सगळ्याला चालेल."

"ला घेतला तर 'चला' होतं," मी म्हणालो. "आणि आ घेतला तर 'आला'. चहा आला."

"फोन पण हवा. फो आणि न."

आठ झाली. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, "औषध?"

औषधाला तीन अक्षरं लागतात. गोळीला दोन. एकही जागा उरली नव्हती. फोन काढावा की औषध सोडावं यावर पाऊण तास वाद झाला. शेवटी तडजोड झाली ती अशी, की औषधाच्या वेळी बोर्डावर (डिस्प्लेला आता आम्ही बोर्ड म्हणत होतो) फक्त 'नाना आ' असं लिहायचं. नानांनी आ करायचा, बायकोनं गोळी टाकायची.

ठिपक्यांची अक्षरं काही फार देखणी झाली नाहीत. 'ना' म्हणजे एका काठीला टेकवलेली मोडकी खुर्ची होती, आणि 'फो' बघून नाना म्हणाले, "यावर पाय देऊ का, चावेल?" पण ते वाचू लागले. नुसते वाचू लागले नाहीत, त्यांची त्या बोर्डावर श्रद्धा बसली. मी समोर उभा राहून "नाना, चहा" म्हटलं तर ते माझ्याकडे न बघता बोर्डाकडे बघायचे आणि म्हणायचे, "अजून आलेलं नाही वरून." मग मी आत जाऊन टाइप करायचो, बाहेर यायचो, तेव्हा कुठे ते कप हातात घेत. एकदा 'नाना आ' पुसायचं राहिलं, तर ते पंचवीस मिनिटं आ करून बसले होते. बायको परत आली तेव्हा म्हणाले, "जबडा दुखला गं, पण बोर्ड बदलला नाही."

एक अडचण मात्र होती. वायर आमच्या खोलीतून निघून, स्वयंपाकघरात फ्रिजच्या मागून फिरून हॉलमध्ये जात होती. फ्रिज गुरगुरला की अक्षरं थरथरत आणि कधीकधी संगणकच जागच्या जागी थिजून बसे. फ्रिज हलवावा की वायर, हे ठरायचं होतं. (फ्रिज बायकोचा, वायर माझी. म्हणजे ठरलेलंच होतं, फक्त मी हललो नव्हतो.)

अकराव्या दिवशी मी रजेवर होतो. बायको ग्रंथालयात गेली होती. न्याहारीच्या वेळचं 'नाना या' बोर्डावर तसंच होतं. मला भाजी आणायला बाहेर जायचं होतं, आणि वाटलं, नानांना तसं लिहून जावं: 'मी बाजारात'. त्यासाठी पाच नवी अक्षरं लागत होती. पाच जुनी काढायची, पाच नवी भरायची. सोपं होतं. मी 'या' च्या कप्प्यात 'जा' भरला. पुढचं अक्षर भरणार तेवढ्यात फ्रिज गुरगुरला आणि संगणक थिजला. बटणं दाबून पाहिली, हलेना. वेळ जात होता. मी सरळ संगणकाचा प्लग काढला आणि पिशवी घेऊन मागच्या दारानं निघालो.

आता यातली गंमत अशी, की डिस्प्लेला वीज वेगळ्या प्लगातून येत होती. संगणक बंद पडला तरी बोर्डावर जे आहे ते तसंच राहतं. आणि कप्प्यातलं अक्षर बदललं, की बोर्डावर आधीपासून लिहिलेलं अक्षरही त्याच क्षणी बदलतं. हे मासिकात होतं. बारीक टायपात, तळाशी.

तासाभरानं परत आलो तर खुर्ची रिकामी. नानांची टोपी नाही, छत्री नाही, चपला नाहीत. समोर भिंतीवर हिरव्या उजेडात स्पष्ट दोन शब्द:

नाना जा.

माझ्या हातातल्या पिशवीतून दोन बटाटे निसटून सोफ्याखाली गेले. ते उचलायचं भान मला पुढे तीन दिवस आलं नाही. बायकोला फोन लावला.

"नाना तिकडे आलेत का?"

"इथे कशाला येतील?" ती कुजबुजली. ग्रंथालयात होती. "काय झालं?"

"ते घरात नाहीत. बोर्डामुळे थोडा गैरसमज..."

"काय लिहिलंत तुम्ही?"

"मी लिहिलं नाही. ते आपोआप झालं."

"काय झालं आपोआप?"

"नाना जा."

मग बायको, जिनं त्या इमारतीत चौदा वर्षांत कधी आवाज चढवला नव्हता, ती पूर्ण आवाजात म्हणाली, "माझ्या वडिलांना तुम्ही बोर्ड लावून घराबाहेर काढलंत?" मागे खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. सगळ्या वाचकांनी माना वर केल्या असणार.

ती वीस मिनिटांत आली. डोळे लाल झाले होते. बोर्डाकडे बघितलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "कचेरीत जावक सांभाळता तेवढं पुरत नाही का तुम्हाला?"

बसथांब्यावर पाहिलं, न्हाव्याकडे पाहिलं, औषधांच्या दुकानात पाहिलं. न्हावी म्हणाला, "टोपी तिरकी घालून गेले इथून. हात केला मी, पण ते घाईत होते." तिरकी टोपी ऐकून बायकोला रडू फुटलं. अपमान झालेला माणूस टोपी कशी घालतो याचा मला अंदाज नव्हता, पण तिला होता.

शेवटी पोलीस चौकीत गेलो. हवालदारानं जाड वही उघडली.

"भांडण झालं होतं?"

"नाही हो. बोर्डावर चुकून 'जा' असं आलं."

"घरात बोर्ड आहे?"

"हो. हिरवा."

"आणि त्यावर सासऱ्यांना जा म्हणून लिहिलं?"

"लिहिलं नाही, आधी 'या' होतं. त्याचं 'जा' झालं."

त्यानं लेखणी थांबवली. "म्हणजे आधी बोलावलं आणि मग घालवलं." हे त्यानं वहीत लिहूनही घेतलं. मग बायकोकडे सहानुभूतीनं बघून मला विचारलं, "मुदत किती दिवसांची दिली होती?"

मी बोर्डाची रचना समजावायला लागलो. सोळा पाय, आठ कप्पे, फ्रिज. हवालदार शांतपणे ऐकत राहिला आणि मी थांबल्यावर बायकोला म्हणाला, "यांच्यावर काही उपचार चालू आहेत का?"

तेवढ्यात आत आलेला दुसरा शिपाई वहीतलं नानांचं वर्णन वाचून म्हणाला, "तिरकी टोपी, काळी छत्री? असे एक आजोबा तळ्यावर बघितले मी आत्ताच."

तळं हा शब्द ऐकला मात्र, आम्ही दोघं पळत सुटलो. बायको पुढे, मी मागे, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा खरोखर भीती वाटली. नाना रोज संध्याकाळी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायचे आणि काही न बोलता माझी पेन्सिल टोकदार करून ठेवायचे, हे मला पळता पळता आठवलं. त्याबद्दल मी त्यांना कधी काही म्हणालो नव्हतो. ओरडावं लागलं असतं म्हणून.

तळ्याच्या काठावर पोचलो. पाण्याच्या मधोमध पायांनी चालवायची एक पांढरी बदकाची बोट फिरत होती. बदकाच्या मानेमागे तिरकी टोपी. नाना पाय मारत होते आणि छत्री सुकाणूसारखी बाजूला धरली होती, तिचा काही उपयोग नव्हता तरी.

"नाना," बायको ओरडली.

ऐकू येणार कसं? मी दोन्ही हात हलवले. नानांनी आम्हाला पाहिलं, प्रसन्न हसले, टोपी काढून हात हलवला आणि आणखी एक फेरी मारायला वळले.

"तिसरी फेरी आहे," बोटवाला म्हणाला. "आजोबांचे पाय दणकट आहेत. सांगून ठेवलंय, आणखी दोन मारणार."

दोन फेऱ्या आम्ही काठावर उभं राहून पाहिल्या. नाना उतरले तेव्हा गाल गुलाबी झाले होते. बायकोनं त्यांचा हात घट्ट धरला आणि कानाशी जाऊन विचारलं, "नाना, तुम्ही रागावून निघालात?"

"रागावून?" नाना म्हणाले. "कशाबद्दल?"

"बोर्डावर ते..."

"हां. जा म्हणाला बोर्ड. म्हणून आलो." त्यांनी छत्री झटकली. "दोन वर्षं झाली. नाना बसा, नाना थांबा, नाना एकटे जाऊ नका, ऐकू येत नाही, गाडीखाली याल. आज पहिल्यांदा घरातून कुणीतरी जा म्हणालं. मी म्हटलं, बदलायच्या आत निघावं."

बायकोनं त्यांची टोपी सरळ करायला हात उचलला आणि परत खाली घेतला. टोपी तिरकीच राहू दिली.

घरी आल्यावर पुन्हा बैठक झाली. या वेळी नानाही हजर होते आणि त्यांना मताचा अधिकार होता. 'फो' एकमतानं काढला. ("तो चावराच दिसायचा," नाना म्हणाले.) त्याच्या जागी 'जा' कायमचा आला. वायर फ्रिजमागून काढून मी दाराच्या वरून नेली, बायको खुर्ची धरून उभी होती. आणि ठरलं असं, की रोज संध्याकाळी मी कचेरीतून आलो की साडेपाच वाजता बोर्डावर 'नाना जा' असं लिहायचं. नानांनी एकट्यानं जायचं. अगदी एकट्यानं.

"आणि तुम्ही," बायको मला स्वयंपाकघरात घेऊन हळूच म्हणाली, "त्यांच्या मागून वीस पावलांवर. दिसायचं नाही."

तेव्हापासून हा माझा नेम आहे. नाना पुढे, मी मागे, झाडाआडून, खांबाआडून, एकदा एका म्हशीआडूनही. रस्ता ओलांडताना मी श्वास रोखतो, ते मात्र व्यवस्थित दोन्हीकडे बघून ओलांडतात. तळ्यावर ते बदकात बसले की मी एका झाडाच्या बुंध्यामागे उभा राहतो.

आठवड्यापूर्वी नाना बोटीतून उतरत होते, तेव्हा बोटवाला त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "आजोबा, झाडामागचा तो माणूस रोज तुमच्या मागून येतो. कोण आहे तो? हटकू का?"

नानांनी वळून माझ्याकडे पाहिलं. थेट बुंध्याकडे. मग ऐकू न येणारी माणसं ज्या आवाजात खासगी बोलतात, त्या आवाजात सगळ्या तळ्याला सांगितलं, "असू दे. माझा जावई आहे. चांगला आहे बिचारा. घरी त्याचं कुणी ऐकत नाही."

बोटवाल्याला फार वाईट वाटलं. आता रोज नाना फेऱ्या मारत असतात तोवर तो मला झाडामागून बोलावून आपल्या स्टुलावर बसवतो, समोर उकिडवा बसतो आणि म्हणतो, "बोला साहेब. मी ऐकतोय."